आर्विड स्कारची तब्येत वाईट नाही

बायको व्हर्ना गेल्याचं कळलं तेव्हा आर्विड स्कार काउंटीच्या ट्रकने तळ्याकाठच्या रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारत होता. डेपोतून रेडिओवर आवाज आला, "आर्विड, ट्रक बाजूला घे. व्हर्ना दुकानात कोसळली रे. डॉक्टर आले, पण... गेली ती."

आर्विडने रेडिओचं बटण दाबलं. मग म्हणाला, "बरं. चर्चकडचा फाटा तेवढा राहिलाय. तो करतो आणि येतो."

आणि त्याने तो फाटा नीट, दोन्ही बाजूंनी साफ केला. नॉर्ड लेक गावात याचं कुणालाही नवल वाटलं नाही. तो ट्रक टाकून रडत आला असता, तर मात्र लोक घाबरले असते.

त्याच संध्याकाळी ड्वाइट पेल्टो त्यांच्याकडे जेवायला यायचा होता. ड्वाइट विमा विकायचा आणि रविवारी चर्चमध्ये आर्विडच्या शेजारी उभा राहून गायचा. त्याला व्हर्नाने बोलावलं होतं. म्हातारपणी माणूस अंथरुणाला खिळला आणि त्याचं सगळं करायला घरी माणूस ठेवावं लागलं, तर तो खर्च देणारा एक विमा असतो. तो निवृत्तीच्या आधी, हातपाय धड असतानाच घ्यावा लागतो. व्हर्नाला तो दोघांसाठी हवा होता आणि आर्विडला नको होता. हा वाद त्यांच्या घरात इतकी वर्षं चालला होता, की बर्फासारखा तोही दरवर्षी यायचाच असं धरून चालत.

ड्वाइटला काही कळलंच नव्हतं. तो कागदांची बॅग घेऊन, शीळ घालत दारात आला. आत गावातल्या बायका आपापले हॉटडिश घेऊन जमल्या होत्या. बटाटे, खिमा आणि वर चीज घालून भाजलेला तो पदार्थ त्या भागात बाळ झालं तरी येतो आणि माणूस गेलं तरी येतो. ड्वाइटला एका नजरेत सगळं कळलं. त्याने बॅग पाठीमागे धरली आणि तशीच धरून तासभर सांत्वन करत उभा राहिला. शेवटी आर्विडच म्हणाला, "ती खाली ठेव रे. हात दुखेल."

उन्हाळा आला. आर्विडची निवृत्ती पानगळीच्या सुमाराला होती. त्याची मुलगी कारिन ॲरिझोनात राहायची. ती दर रविवारी फोन करायची आणि दर रविवारी एकच गोष्ट सांगायची.

"बाबा, इकडे ये. इथे बर्फ नाही."

"बर्फ नाही तर मी करू काय तिथे?"

"एकटा आहेस तू. उद्या काही झालं तर कोण बघणार? एक तर इकडे ये, नाही तर आईने सांगितलेला तो विमा घे. दोन्हीपैकी एक."

आर्विडला घर सोडायचं नव्हतं. खुंटीवर व्हर्नाचा कोट होता, त्याच्या खिशात तिचे हातमोजे. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ती बसून बूट घालायची, तिथला रंग उडाला होता. ॲरिझोनात तशी पायरी मिळाली नसती. त्याने ड्वाइटला फोन केला.

"कंपनीतून एक नर्स फोन करेल," ड्वाइट म्हणाला. "टेक्सासची आहे. प्रश्न विचारेल, शब्द लक्षात ठेवायला सांगेल. सरळ उत्तरं दे, आर्विड. त्यांना आपली भाषा कळत नाही."

"आपण इंग्रजीच बोलतो ना?"

"तसं आपल्याला वाटतं," ड्वाइट म्हणाला.

नर्सचं नाव रोशेल. तिचा आवाज मधासारखा होता.

"कसे आहात, साहेब? तब्येत कशी आहे?"

नॉर्ड लेकमध्ये या प्रश्नाला एकच सभ्य उत्तर आहे. "वाईट नाही" म्हणायचं. "उत्तम" म्हणणारा माणूस एक तर पाहुणा असतो, नाही तर निवडणुकीला उभा असतो.

"वाईट नाही," आर्विड म्हणाला. "याहून वाईट असू शकली असती."

"अरेरे. म्हणजे काय होतंय?"

"तसं काही नाही. चाललंय."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. "बरं. आंघोळ स्वतःची स्वतः करता?"

"जमेल तशी करतो."

"कपडे घालायला कुणाची मदत लागते?"

"आता कुणाची घेणार? परवा चर्चमध्ये स्वेटर उलटा घालून गेलो होतो. कुणी काही बोललं नाही, पण गाणं संपल्यावर ध्यानात आलं."

"जेवण?"

"शेजारची बर्निस आणून देते."

"आणि दिवसभरात बोलायला कुणी असतं?"

"व्हर्ना असते की."

"छान! त्या घरातच आहेत का? मी त्यांच्याशी बोलू?"

"नाही," आर्विड म्हणाला. "ती हिवाळ्यात गेली."

टाइप करणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, पण हळूहळू.

शेवटी रोशेलने दहा शब्द वाचून दाखवले आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते परत सांगायला सांगितलं. आर्विडला दहाच्या दहा पाठ होते. पण दहाही धडाधड म्हणून दाखवायचे म्हणजे मिरवल्यासारखं झालं असतं. त्याने सहा सांगितले आणि अदबीने थांबला.

"आणखी आठवतात का, साहेब?"

"बाकीचे तुमच्याकडे लिहिलेले आहेतच की," आर्विड म्हणाला.

त्यातला एक शब्द 'हातमोजा' होता. तो म्हणताना मात्र त्याने खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं आणि तो शब्द दोनदा म्हटला. तेही बहुधा तिने लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ड्वाइट घरी आला. डोक्यावरची टोपी काढून म्हणाला, "नापास झालास. त्यांचं म्हणणं, तुला आत्ताच सांभाळायला माणूस हवं. आग लागलेल्या घराचा विमा कोण काढतं?"

"मी तर बरं बोललो होतो रे."

"बरं बोललास हेच तर वाईट झालं."

रोशेल मनाची चांगली होती. तिने कारिनचा नंबर शोधून तिला सांगितलं, की तुमच्या वडिलांना आंघोळ जमत नाही, शब्द आठवत नाहीत आणि ते गेलेल्या बायकोशी बोलतात. कारिनने विमानाचं तिकीट काढलं आणि तोवर लक्ष ठेवायला बर्निसला फोन केला. बर्निस हौगे चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्ष होती. तिला आणखी कुणाला फोन करायची गरजच पडली नाही. ती नुसती किराणा दुकानात जाऊन आली.

दुपारी ती वॉकर घेऊन दारात उभी राहिली.

"नको, बर्निस," आर्विड म्हणाला. "मला नकोय हे."

"हो हो, माहितीये," असं म्हणून बर्निसने वॉकर आत ठेवला.

अडचण अशी, की त्या गावात पहिलं 'नको' म्हणजे नुसता नमस्कार. दुसरं 'नको' म्हणजे 'कशाला उगाच त्रास घेता'. तिसऱ्यांदा विचारलं, की माणूस म्हणतो, "बरं, थोडंसं." आर्विडने तिसऱ्यांदाही नको म्हटलं, तेव्हा लोकांना वाटलं, बिचारा मानी आहे. चौथ्यांदा म्हटलं, तेव्हा लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. तीनदा नको म्हणून झालंय हेसुद्धा आता त्याच्या ध्यानात राहत नव्हतं!

आंघोळीची खुर्ची आली. कमोडची खुर्ची आली. कुणाच्या तरी तळघरातून दवाखान्यातला वर-खाली होणारा पलंग आला आणि बैठकीच्या खोलीत बसला. सकाळी चर्चमधले दोन धट्टेकट्टे भाऊ टॉवेल आणि साबण घेऊन हजर झाले. आर्विडने आत जाऊन न्हाणीघराची कडी लावली आणि एकट्याने आंघोळ केली. ते दोघे बाहेर बसून पाण्याचा आवाज ऐकत राहिले. जाताना त्यांनी बर्निसला सांगितलं, "अजून जमतंय त्याला. पण दार लावून घेतो. भीती वाटते."

कारिन आली तेव्हा बापाचं घर तिला ओळखू येईना. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत भिंतीला धरायला कठडा लागला होता. तो ड्वाइटनेच लावला होता. त्यालाही कुणीतरी सांगितलं होतं, की आर्विडने नको म्हटलंय.

"बाबा, बॅग भर," कारिन म्हणाली.

"कारिन, मी ठणठणीत आहे गं."

ती खाली बसली. बाप असं कधी बोलत नसे. "म्हणजे खरंच काहीतरी बिघडलंय," ती म्हणाली, आणि रडायलाच लागली.

शेवटी ड्वाइटला बोलावून तिघांनी मिळून ठरवलं. कंपनीकडे पुन्हा तपासणी मागायची. पास झाला तर आर्विड इथेच राहील, नाही तर ॲरिझोना. त्यासाठी आर्विडने स्वतःची स्तुती करायला शिकायची. ड्वाइट स्वयंपाकघरात बसून त्याच्याकडून तालीम करून घेऊ लागला.

"म्हण, माझी तब्येत उत्तम आहे."

"माझी तब्येत..." आर्विडचे कान लाल झाले. त्याने उठून खिडकी लावली. "बर्निस ऐकेल रे."

"म्हण."

"...तशी वाईट नाही."

"अरे, आयुष्यात एकदा तरी कुणाला सांगितलं असशील ना, मी अमुक चांगलं करतो म्हणून?"

"नाही," आर्विड म्हणाला. "ते व्हर्ना सांगायची."

तालीम तिथेच थांबली. कारिनने कॉफी ओतली.

पुन्हा रोशेलचाच फोन आला. ड्वाइट आणि कारिन समोर बसले होते.

"कसे आहात, साहेब?"

आर्विडने तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाला, "बाई, मला स्वतःबद्दल सांगता येत नाही. आमच्याकडे ती पद्धत नाही. माझी बायको काय म्हणायची ते सांगितलं तर चालेल?"

"सांगा ना, साहेब."

"ती म्हणायची, आर्विडसारखा रस्ता अख्ख्या काउंटीत कुणी साफ करत नाही. लोकांच्या दारापुढे ढीग टाकून जात नाही तो. ती म्हणायची, या वयात शिडीवर चढून छपरावरचा बर्फ काढतो, माझा जीव टांगणीला आणि हा वरून खाली बघून हसतो. भांडी मी घासते त्याहून स्वच्छ घासतो म्हणायची, पण ते फक्त बहिणीला सांगायची. तिचा हात मोडला होता तेव्हा तिचे केस मी धुवायचो. ते सगळ्यांना सांगायची. दुकानातसुद्धा. मी बाहेर गाडीत जाऊन बसायचो." त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणि मागचे दहा शब्द सांगू? मला येत होते तेव्हाही."

त्याने दहाच्या दहा सांगितले. हातमोजासुद्धा.

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. "साहेब," रोशेल म्हणाली, "मी 'उत्तम' असं लिहिते."

"फारच झालं ते," आर्विड म्हणाला. कारिनने तोंडावर हात दाबून धरला.

आठवड्याभरात मंजुरी आली. कारिनने बापाला मिठी मारली आणि खुशीत ॲरिझोनाला परतली. पलंग, वॉकर, खुर्च्या ज्यांच्या त्यांच्या तळघरात गेल्या. बर्निसने विचारलं, कठडा तेवढा राहू द्यायचा का? आर्विडने दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा "बरं" म्हटलं.

ड्वाइट कागद घेऊन आला. या वेळी बॅग पुढे धरून. त्याने कागद टेबलावर पसरले आणि पेन ठेवलं. आर्विडने सगळं वाचलं, मग पेनाकडे पाहत राहिला.

"महाग आहे," तो म्हणाला.

"आर्विड! अख्खं गाव कामाला लावलंस, आणि आता महाग?"

"तसं नाही. मी महाग म्हटलं, की तू म्हणायचं, 'तू पडलास तर तुला उचलणार कोण, मी? जरा वजन बघ स्वतःचं.'"

ड्वाइटने त्याच्याकडे पाहिलं. टोपी काढून मांडीवर ठेवली. "तू पडलास तर तुला उचलणार कोण, मी? जरा वजन बघ स्वतःचं."

"जरा चिडून म्हण. ती भांडी विसळता विसळता म्हणायची."

ड्वाइट पुन्हा म्हणाला, चिडून. गाणारा माणूस, पण हे काही त्याला सुरात जमलं नाही.

"मग मी म्हणायचो, 'मी पडतच नाही.' मग ती म्हणायची, 'बघू या, कोण बरोबर ठरतं.' मग झोपायचो." आर्विडने पेन उचलून सरळ ठेवलं. "सही केली की ती बरोबर ठरली, ड्वाइट. वाद संपला. मग जेवण झाल्यावर मी बोलू काय?"

ड्वाइटने टोपी डोक्यावर घातली. निवृत्तीच्या दिवसापर्यंत मुदत आहे, तोवर ठरव, असं सांगून तो गेला.

कागद टेबलावरच आहेत. आर्विड रोज भांडी घासून त्यांच्यासमोर बसतो आणि विमा महाग आहे असं म्हणतो. घ्यायचा हे त्याने मनात ठरवलं आहे. सही अजून केलेली नाही.