होडीखालचे दोघे

"आधी तो नदीवरचा कप उचला!" अधीक्षक ओरडले.

डॉक्टरांनी कप उचलला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. टेबलावर पसरलेल्या नकाशात नदी जिथे दोन कड्यांमधून उड्या मारत खाली उतरत होती, नेमकं तिथेच चहाचं एक गोल तळं साचलं होतं.

"चहाच आहे दादा, वाळेल."

"वाळेल! आणि खाली धबधबा कुठे आहे ते कसं कळणार?"

"त्याचा आवाज येईल की."

अधीक्षकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला तो रस्ता आता चांगलाच पाठ झाला होता. हे दोघे साडू. अधीक्षक शहराच्या पाणीपुरवठा खात्यात होते. इतक्या वर्षांत त्यांनी पाणी पाहिलं होतं ते एकतर नळातून, नाहीतर तक्रारीतून. निवृत्त होण्यापूर्वी एकदा तरी, कुणाची परवानगी न घेता वाहणारं पाणी बघायचं, ही त्यांची इच्छा. म्हणून पानगळीच्या दिवसांत, डास संपलेले आणि कडाक्याची थंडी अजून सुरू न झालेली असताना, माणूसकाणूस नसलेल्या जंगलातून तीन आठवडे नदीने उतरत जायचं ठरलं होतं. त्यांना शांतता हवी होती, आणि त्या शांततेच्या तयारीत ते गेले दोन महिने सतत संतापलेले होते.

संतापाचं कारण बहुतेक वेळा समोरच बसलेलं असे. डॉक्टर दातांचे होते. समोरच्याचं तोंड उघडं असलं की त्याला उलट बोलता येत नाही, या सोयीवर त्यांची सगळी संभाषणकला उभी होती. त्यांना कधीच राग येत नसे, आणि अधीक्षकांना सगळ्यात जास्त राग त्याचाच येई.

घरात मात्र या मोहिमेची कल्पना सगळ्यांना सारखी नव्हती. "कनू कधी येतोय?" असं सासूबाईंनी चारदा विचारलं होतं. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वल्ह्याने चालवायची होडी, हे जावयांनी समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "असू दे. जेवायला थांबणार असेल तर आधी सांगा." अधीक्षकांच्या बायकोने, म्हणजे दोघी बहिणींतल्या थोरलीने, फक्त एकदाच विचारलं होतं, "मी येऊ का हो?" 

"अगं, दोघांपेक्षा मोठी होडी बनवतच नाहीत," अधीक्षक म्हणाले होते.

"असं होय," म्हणून ती उठली. त्यानंतर तिने त्यांच्यासाठी पाणी न शिरणाऱ्या कापडाच्या पिशव्या शिवल्या, आणि भाज्यांच्या चकत्या वाळवायला घेतल्या. घरातल्या प्रत्येक खुर्चीवर चकत्या पसरल्या होत्या. बसायला जागा नाही म्हणून अधीक्षक चिडत, आणि उभ्यानेच चिडत.

प्रश्न रजेचा होता. मोठे साहेब पानगळीच्या दिवसांत कुणालाच रजा देत नसत, कारण त्याच दिवसांत पाण्याच्या टाक्यांच्या जाळ्या पानांनी तुंबत. अधीक्षकांचे अर्ज सलग सहा वर्षं परत आले होते. शेवटी डॉक्टरांनी तोडगा काढला. "कंबर, दादा! कंबरेचं दुखणं कुणाला दाखवता येत नाही आणि कुणाला खोटंही ठरवता येत नाही."

अधीक्षकांना खोटं बोलण्याची सवय नव्हती. त्यांनी कंबरेवर हात ठेवला, तोंड वाकडं केलं आणि साहेबांच्या खोलीत गेले. साहेबांनी एका शब्दाने काही न विचारता पूर्ण विश्रांतीसाठी तीन आठवड्यांची रजा मंजूर केली. वर स्वतःच्या खुर्चीतली मऊ गादी काढून अधीक्षकांच्या खुर्चीत ठेवायला लावली. इथून अधीक्षकांचे हाल सुरू झाले. रजा दोन महिन्यांनी सुरू व्हायची होती, तोवर कंबर दुखत राहणं भाग होतं. ते कचेरीत वाकून चालत. कुणी फाईल उचलू देईना. टंकलेखक बाई रोज नवीन तेल सुचवत. जिन्यावर साहेब स्वतः हात धरत. माणसं इतकी चांगली वागत होती की अधीक्षकांचा नुसता तिळपापड होई, आणि घरी आल्यावर तो डॉक्टरांवर निघे.

त्यातच होडी आली, आणि तीही चुकीच्या पत्त्यावर. ती यायची होती अधीक्षकांच्या घरामागच्या शेडमध्ये. डॉक्टरांनी सांगताना घाईत स्वतःच्या दवाखान्याचा पत्ता सांगितला. अधीक्षक धावत पोचले तेव्हा होडी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत आडवी पडली होती, आणि गाल सुजलेले चार रोगी तिच्यात ओळीने बसून आपल्या नंबराची वाट बघत होते.

"उठा!" अधीक्षक गरजले. रोगी उठले. एकाची दाढ जागच्या जागी दुखायची थांबली म्हणे.

शनिवारी दुपारी होडी हलवायचं ठरलं. टेम्पो सांगायचं काम डॉक्टरांकडे होतं. दुपारी डॉक्टर एकटेच दारात उभे होते.

"टेम्पो कुठे आहे?"

"मी सांगितलाच नाही," डॉक्टर प्रसन्नपणे म्हणाले. "दादा, नदीवर धबधबा लागला की होडी डोक्यावर घेऊन काठाने चालावं लागणार. तिथे टेम्पो कुठून आणणार? आजच सराव करू. तीन गल्ल्या तर आहेत."

यात चीड आणणारी गोष्ट अशी, की मुद्दा बिनतोड होता. दोघांनी होडी उचलली, उलटी केली आणि खांद्यांवर घेतली. तिच्या पोटात दोघांची डोकी कानांच्या खालपर्यंत गडप झाली. मागे कोण आणि पुढे कोण, यावर थोडी वादावादी झाली. होडीत मागे बसणारा दिशा ठरवतो, तेव्हा मागची जागा आपली, हे अधीक्षकांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. त्यांनी ती घेतली. होडी खांद्यावर असताना मागच्याला पुढच्याच्या टाचांशिवाय काहीच दिसत नाही, हे त्यांना चार पावलं गेल्यावर कळलं.

"डावीकडे," डॉक्टर म्हणाले.

"कुणाच्या डावीकडे?"

"आपल्या दोघांच्या! डावी बाजू काय वेगवेगळी असते का?"

होडीचं मागचं टोक उजवीकडे फिरलं आणि फुलवाल्याच्या बादल्या एकीमागून एक लवंडल्या. अधीक्षकांच्या बुटांत पाणी शिरलं. फुलवाला ओरडला, पण होडीच्या आत त्याचा आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता. आत लाकडाचा आणि ताज्या रोगणाचा वास होता, अंधार होता, आणि स्वतःचा आवाज मात्र घुमून दुप्पट मोठा ऐकू येत होता. आपलं बोलणं आपल्या दोघांतच आहे, असं दोघांनाही वाटलं. आतला आवाज भोंग्यातून निघाल्यासारखा गल्लीभर पसरतोय, हे त्यांना कोण सांगणार? न्हाव्याच्या दुकानातून अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक गळ्यातल्या टॉवेलासकट बाहेर आलं. मागे एक बस मुंगीच्या पावलांनी सरकत होती, आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत नव्हता, कारण त्याला ऐकायचं होतं.

"सावकाश, दादा. कंबरेला जपा."

"माझ्या कंबरेला काय धाड भरलीय? घोड्यासारखी कंबर आहे माझी! तुझ्या त्या थापेपायी महिनाभर कुबड काढून फिरतोय कचेरीत!" रागावले की अधीक्षक डॉक्टरांना 'तुम्ही'वरून 'तू'वर आणत. "आणि तो साहेब! साध्या कंबरदुखीवर विश्वास ठेवणारा माणूस आख्ख्या शहराला पाणी पाजतो!"

"पण रजा मिळाली ना?"

"मिळाली! रोज माझा हात धरतो तो जिन्यावर. लाज वाटते मला, लाज!"

"आता तीन आठवडे विसरा सगळं. साहेब नाही, रोगी नाहीत, आईंचे प्रश्न नाहीत."

"कनू जेवणार का, कनू झोपणार कुठे!"

"बायकाही नाहीत," डॉक्टर आणखी खुलले. "बरं झालं, दोघांचीच होडी घेतली. दुकानात चौघांची होती ती घेतली असती, तर सगळं घर येऊन बसलं असतं."

"ते तू म्हणालास!"

"मी म्हणालो, पण मान तुम्ही डोलावलीत. आणि मोठी बनवतच नाहीत, हे ताईंना कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं! काय करू? ती आली असती तर मला प्रत्येक वळणावर स्वेटर घालायला लावलं असतं!"

एवढ्यात डॉक्टर थांबले. अधीक्षकांचं नाक होडीच्या आडव्या दांडीवर आपटलं.

"आता काय झालं?"

डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांचं गप्प होणं इतकं नवीन होतं की अधीक्षकांनी वाकून पुढे पाहिलं. होडीच्या काठाखालून स्वतःच्या फाटकाचा खालचा भाग दिसला. त्याच्याशी पायांच्या चार जोड्या उभ्या होत्या. हिरव्या चपला थोरलीच्या होत्या. शेजारी धाकटीचे सँडल होते. जाड लोकरी मोजे सासूबाईंचे. आणि चौथी जोडी म्हणजे काळे, लखलखीत, डाव्याच्या टोकाला आडवी चीर गेलेले बूट. आयुष्यभर मान खाली घालून बोलणी ऐकल्यामुळे साहेबांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांचे बूटच अधीक्षकांना जास्त ओळखीचे होते.

साहेब कंबरेची चौकशी करायला आले होते. हातात गरम पाण्याची रबरी पिशवी होती, ती मात्र होडीखालून दिसत नव्हती.

"दादा," डॉक्टर कुजबुजले, "आतच राहू या का?"

"बाहेर या," थोरलीचा आवाज आला.

दोघे बाहेर आले. होडी आवारात टेकली. अधीक्षकांची पाठ, सगळ्यांच्या देखत, काठीसारखी सरळ होती. एरवी राग हा त्यांच्या घरातला त्यांचा हक्काचा माल. आज तो समोर चार जागी वाटलेला होता, आणि त्यांच्या वाट्याला थेंबभरही नव्हता.

साहेब आधी बोलले. "अधीक्षक, रजा मी पूर्ण विश्रांतीसाठी मंजूर केलीय. मंजूर केलेली रजा मी रद्द करत नसतो. तुम्ही पूर्ण विश्रांतीच घ्याल. पलंगावर. रोज संध्याकाळी मी जातीने येऊन बघीन."

"साहेब, मी..."

"झोपून," साहेब म्हणाले आणि रबरी पिशवी त्यांच्या हातात दिली.

थोरली ओरडली असती तर अधीक्षकांना बरं वाटलं असतं. ओरडणाऱ्या माणसाला उलट ओरडता येतं. ती हळू बोलली. "मोठी होडी नसते म्हणालात. मी खरं मानलं. पिशव्या शिवत बसले. मला राग तुमचा नाही आला, माझाच आलाय." मग ती बहिणीकडे वळली. "तुला वल्हवता येतं का गं?"

"नाही ताई."

"मलाही नाही. शिकू या."

"अगं, पण तिथे अस्वलं असतात!" डॉक्टर म्हणाले.

"त्यांना कधी राग येतो तेवढं तरी कळतं," धाकटी म्हणाली. "तुमचं काही कळतच नाही."

आणि दोघी खरंच शिकल्या. शहराबाहेरच्या तलावावर एक दणकट बाई नौकानयन शिकवत असे. तिने त्यांना पहिल्या दिवशी मुद्दाम पाण्यात पाडलं, मग महिनाभर रोज वल्हवायला लावलं, आणि नदीवर सोबत आपलीही होडी काढली. अधीक्षक रोज संध्याकाळी दोघींना ओल्या कपड्यांत हसत घरी येताना बघत आणि आतल्या आत धुमसत. वाळवलेल्या चकत्या गेल्या, पिशव्या गेल्या, चहाचं तळं असलेला नकाशा गेला. निघताना थोरलीने त्यांचाच जाड स्वेटर अंगात घातला आणि म्हणाली, "औषधं वेळेवर घ्या."

"कसली औषधं? मला काही झालेलं नाही!"

"मग सोपं आहे."

अधीक्षक पलंगावर पडले. अंगात हत्तीचं बळ आणि वर पांघरूण. साहेब ठरल्याप्रमाणे रोज येत. पहिल्या दिवशी पाच मिनिटं उभे राहिले. मग सासूबाईंनी खुर्ची दिली, मग चहा, मग पत्त्यांचा जोड काढला. आठवडाभराने साहेब कंबरेची चौकशी दारातूनच करून थेट बाहेरच्या खोलीत डाव मांडू लागले. रोग्यांना आधीच दुसरीकडे पाठवून दिलेलं असल्यामुळे रिकामे झालेले डॉक्टर तिसऱ्या हाताला बसत. आतल्या खोलीत अधीक्षक छताकडे बघत पडून राहत, आणि बाहेर हशा पिकला की मुठी आवळत. साहेब हसतात हे त्यांना इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. बायको आली की तिला काय काय सुनवायचं, याची त्यांनी पडल्या पडल्या इतकी उजळणी केली की वाक्यं तोंडपाठ झाली.

ती आली ते अशाच एका संध्याकाळी. रापलेली, केसांत काटक्या, हाताला घट्टे. अंगाला धुराचा वास. ती सरळ आत येऊन पलंगाच्या कडेला बसली. अधीक्षकांनी उशीवरून मान उचलली, श्वास घेतला आणि पहिलं वाक्य जुळवलं.

"काय शांत आहे हो तिथं," थोरली म्हणाली. "तुम्ही म्हणत होतात तसंच." आणि स्वेटरासकट आडवी होऊन, त्यांच्याकडे पाठ करून, झोपून गेली.

वाक्यं तयार होती, रागही होता, पण ऐकणारं माणूस घोरत होतं. अधीक्षकांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग ते उठले, आपलं पांघरूण तिच्या अंगावर घातलं आणि केसांतली एक काटकी अलगद काढली.

"अधीक्षक!" बाहेरून साहेबांचा आवाज आला. "पलंग वाजला. उठलात की काय?"

"तुम्ही पान टाका हो," सासूबाई म्हणाल्या, "मग बघा."

"नाही साहेब," अधीक्षक उभ्याउभ्याच म्हणाले, आणि ते इतकं हळू, की बाहेर कुणालाच ऐकू गेलं नाही.