रहांगडाले सरांचा उतारावरचा बंगला

रहांगडाले सर कुणाकडे गेले, की दिलेलं पाणी पीत नाहीत, फरशीवर ओततात. मग वाकून ते कुठं वाहतं ते बघतात आणि घरमालकाला सांगतात, "उतार चुकला तुमचा, भाऊ." घरमालकीण पोछा आणायला धावते. सर चहाची वाट पाहत बसतात.

आम्ही एकाच शाळेत शिकवलं, त्यामुळे माझी फरशी सगळ्यात जास्त ओली झाली. निवृत्तीनंतर त्यांनी चिचगडजवळ, जंगलाला लागून असलेल्या स्वतःच्या उतरत्या जमिनीवर 'मॉडर्न' बंगला बांधायला काढला. बायको वारलेली, मुलगी सासरी. एकट्या माणसाला बंगला कायले, हे विचारायची सोय नव्हती.

गोंदियाचा इंजिनिअर म्हणाला, "सरजी, पहले जमीन समतल करवा लो." सरांनी त्याला तिथूनच परत पाठवलं. "टेकडीनं तुह्यासाठी खाली बसावं काऊन?"

मग मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून सरांनीच नकाशा काढला. रस्त्यावरून शिरलं की आपण थेट गच्चीवर. हॉल त्याखाली, स्वयंपाकघर त्याच्याही खाली. हॉलमध्ये जेवताना मीठ कमी पडलं, तर आणेपर्यंत भाजी थंड. एक अख्खी भिंत काचेची. तिच्यात स्वतःला पाहून वानरं दात विचकतात. सर त्याला निसर्गाशी संवाद म्हणतात.

हॉलच्या जागी मोहाचं मोठं झाड होतं. मिस्त्री म्हणाला, "तोडून टाकू सर, हॉल सरळ होते."

"हॉल वाकडा कर," सर म्हणाले.

हॉल वाकडा झाला. झाडापुरतं छप्पर उघडं राहिलं. पावसाळ्यात सोफ्यावर ताडपत्री असते. वास्तुपूजेला मी सगळ्यांसमोर म्हणालो, "सर, झाडाले चांगलं घर बांधून देलं तुम्ही!" सगळे हसले. सर वाढायला उठले.

चैतात एकदा भल्या सकाळी त्यांच्याकडे गेलो. दार सताड उघडं. सोफा भिंतीला सरकवलेला, आणि हॉलमध्ये एक म्हातारी गोंड बाई टोपलीत मोहफुलं वेचत होती. सर हातात झाडू घेऊन कोपऱ्यातली फुलं तिच्याकडे लोटत होते.

"फुलमतीबाई," सर म्हणाले. "लगन होऊन आली तवापासून याच झाडाखाली वेचते. मी भिंती घातल्या तं तिनं कुठं जावं?"

बाईनं टोपली डोक्यावर घेतली. "फुलं सरले, मास्तर. उद्यापासून नाई येत."

सरांनी झाडू भिंतीला टेकवला.

"फुलं नसले तरी येजो," ते म्हणाले. "चाय तं मांडतोच मी."