शून्य गुणांचा कावळा

"आणि चीज?" आन्सेल्म गोदिशोंने विचारलं.

पुढ्यात उकडलेली झुकिनी होती. बिनमिठाची. सलग आठव्या महिन्यात रोज कुठली ना कुठली भाजी अशीच उकडून येत होती आणि आन्सेल्म रोज हाच प्रश्न विचारत होता.

"आजोबा, रोज काय तेच तेच विचारता?" वोकिये मादाम म्हणाल्या. या आमच्या वृद्धाश्रमाच्या संचालिका. त्यांच्या हातात कायम पथ्याचा तक्ता असायचा. आन्सेल्मच्या नावापुढे त्यावर चार लाल फुल्या होत्या. मीठ, लोणी, सॉसेज, चीज.

"अहो, चीज आलं नाही तर जेवण संपलं हे माणसाला कळणार कसं?"

"मी सांगते ना. संपलं. उठा."

आन्सेल्म अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. त्यातली पन्नास वर्षं त्याने शेळ्या राखल्या होत्या, आणि राख लावलेलं, मुठीत मावणारं, आतून दह्यासारखं पांढरंशुभ्र असं त्याचं चीज अख्ख्या तालुक्यात नावाजलेलं होतं. आता शेळ्या पुतणी ओदेतकडे होत्या, चीज तीच करत होती, आणि ते खायला मिळत नव्हतं ते फक्त आन्सेल्मला. मनुष्य गप्प बसणारा नव्हता. त्याने सॉसेज सपातेत लपवलं, आश्रमाच्या कुत्र्याने पकडून दिलं. त्याने दोन जेवणं उपोषण केलं, तर वोकिये मादाम म्हणाल्या, वा, वजन उतरलं! ओदेत भेटायला आली की तिची पिशवी दारातच उलटीपालटी व्हायची. पण आन्सेल्म माघार घेईल तर शपथ. "मरेन," तो सगळ्यांना ऐकवायचा, "पण चीज खाऊन मरेन. तेही हिच्या नाकावर टिच्चून!"

अशात जून उजाडला. जूनच्या तिसऱ्या रविवारी वृद्धाश्रमात घरची माणसं येतात, गावच्या शाळेची मुलं येतात, आणि आम्ही म्हाताऱ्यांनी त्यांना काहीतरी करून दाखवायचं असतं. यंदा प्राण्यांच्या नीतिकथा ठरल्या. सोपं काम. त्या इथे सगळ्यांनाच पाठ. स्वतःच्या नातवाचं नाव न आठवणारा माणूससुद्धा झाडावरचा कावळा, त्याच्या चोचीतलं चीज आणि खालचा कोल्हा म्हटलं की घडाघडा सुरू होतो. बसवून घेण्याची जबाबदारी अर्थातच पेलिसारबाईंवर आली. बाई नव्वद वर्षांच्या. त्यांनी गावच्या शाळेत चाळीस वर्षं याच कथा मुलांकडून घोकून घेतल्या होत्या, आणि अर्ध्या वृद्धाश्रमाने लहानपणी त्यांच्या हातची छडी खाल्ली होती.

पहिल्याच बैठकीत भांडण झालं. कावळ्याच्या चोचीत नक्की कुठलं चीज होतं?

"आमच्या डोंगरातलं. गाईचं," एक आजी म्हणाल्या.

"तुमचं चीज गाडीच्या चाकाएवढं! कावळा होता का गिधाड?" आन्सेल्म उसळला. "चोचीत मावतं ते एकच. शेळीचं. आमचं."

"आमच्याकडचं निळं असणार. वास आल्याशिवाय का कोल्हा आला?" नॉर्मंडीचे एक आजोबा निष्कारण मध्ये पडले, त्यांच्याकडे निळं चीज नसतानाही.

तासभर हेच. एक काठी उगारली गेली, एक कानयंत्र रागाने काढून खिशात ठेवलं गेलं. शेवटी वोकिये मादामनी तक्ता टेबलावर आपटला. "चीज स्पंजचं असेल! भांडी घासायच्या. विषय संपला."

त्या दिवशी चहानंतर पेलिसारबाई विणकामाची टोपली घेऊन आन्सेल्मशेजारी येऊन बसल्या.

"कावळा तू व्हायचंस," त्या म्हणाल्या.

"मी? मला नको, बाई. त्या कावळ्यापायी तुम्ही मला शून्य दिलं होतं. दहापैकी शून्य."

"तू तात्पर्य म्हटलं नाहीस म्हणून दिलं."

"नाहीच म्हणणार! काय ते तात्पर्य, म्हणे गोडबोल्यांपासून सावध राहा. मी तेव्हाच सांगितलं होतं, माझ्या चोचीत चीज असतं तर मी आधी खाल्लं असतं, मग गायलो असतो. यात चुकलं काय? तासभर कोपऱ्यात उभं केलंत मला!"

सत्तर वर्षं झाली होती, पण आन्सेल्मचा राग कालच्यासारखा ताजा होता. बाईंनी दोन टाके घातले आणि हळूच म्हणाल्या, "तुझं बरोबर होतं, आन्सेल्म."

आन्सेल्मने कान पुढे केला. "काय?"

"बरोबर होतं. मी तेव्हा वीस वर्षांची होते, मला काय कळत होतं? पण त्या वर्गात डोकं असलेला मुलगा एकच होता. आणि आवाज! तुझ्यासारखा भरदार आवाज मी नंतर चाळीस वर्षांत ऐकला नाही. बाकीचे हे म्हातारे काय कावळा करणार? कावळ्याला रुबाब लागतो."

आन्सेल्म ताठ बसला. सत्तर वर्षांत त्याला हरभऱ्याच्या झाडावर कुणी चढवलं नव्हतं, आणि झाड चांगलं उंच होतं.

"मग करून दाखव ना," बाई कुजबुजल्या. "सगळ्या गावासमोर. मी गा म्हटलं की गायचं नाही. खायचं. वोकिये मादामच्या डोळ्यांसमोर."

"स्पंज खाऊ?"

"ओदेतला सांग खरं आणायला. तुझ्याकडे नको, तुझ्याकडे येणाऱ्याची झडती होते. माझ्याकडे आण म्हणावं. मास्तरणीची पिशवी कोण तपासतो?"

आन्सेल्मचे डोळे भरून आले. आठ महिन्यांत त्याच्या बाजूने उभं राहिलेलं हे पहिलं माणूस. त्याने बाईंचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "बाई, मी तुम्हाला सत्तर वर्षं शिव्या घातल्या. माफ करा."

"केलं," बाई म्हणाल्या.

ओदेतने काकाचं ऐकलं. तीही बाईंचीच विद्यार्थिनी, बाईंचा शब्द तिला मोडवेना. आदल्या दिवशी ती बाईंना लोकरीचा भलामोठा काळा गुंडा भेट देऊन गेली. वोकिये मादामनी गुंडा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "छान आहे, जरा जड आहे."

"मेंढी जाड होती," ओदेत म्हणाली आणि लगबगीने निघून गेली.

रविवार आला. अंगणात चारशेवर माणसं. पुढे जमिनीवर शाळेची मुलं दाटीवाटीने बसलेली, त्यांच्या मागे खुर्च्यांवर घरची मंडळी, आणि अगदी मध्यभागी वोकिये मादाम. झाड म्हणजे एक उंच खुर्ची, हिरवी चादर गुंडाळलेली. आन्सेल्म कुणाच्या तरी मर्तिकाच्या काळ्या कोटात वर चढून बसला. नाकावर पुठ्ठ्याची चोच, तिला गोंदाचा असा उग्र वास की डोळ्यांतून पाणी. पेलिसारबाईंनी रुमालातून काढून चीज त्याच्या दातांत दिलं. वर राख, मुठीत मावेल एवढं. आन्सेल्मने दातांच्या टोकांवर ते अलगद धरलं. घाई करायची नाही. नेमक्या शब्दाला चावायचं.

वोकिये मादामनी डोळे बारीक केले. स्पंज तर पिवळा होता. त्या उठल्या, पण पुढे मुलांचा सडा पडलेला. कुणाच्या बोटांवर पाय, कुणाची "आई गं!" आणि मागून शंभर जणांचं "बसा हो खाली!" त्या बसल्या.

बाई कोल्ह्याची शेपटी लावून झाडाखाली आल्या. आणि काय सांगू, त्यांनी जी स्तुती सुरू केली! कावळ्याचा कोट काय, ऐट काय, डोळ्यांतली हुशारी काय. चारशे माणसं बाईंबरोबर ओठ हलवत होती, कारण पाठ कुणाला नव्हतं? मग बाई म्हणाल्या, "पण आवाज? तो तरी एकदा ऐकव!"

"गा! गा!" मुलं ओरडली.

आन्सेल्मने मान हलवली. नाही म्हणजे नाही. गर्दी चकित झाली. या कथेत कावळ्याने नकार दिल्याचं कुणाच्या बापजन्मी घडलं नव्हतं.

"तोंड उघड ना रे!" मागून एक बाई ओरडली. "माझा मुलगा पुढची ओळ विसरेल!"

आन्सेल्मने सगळ्या गावाकडे पाहिलं, वोकिये मादामकडे खास पाहिलं, आणि कचकन चावला.

दात आत रुतले आणि तिथेच अडकले. रबर! आन्सेल्मच्या जिभेने क्षणात ओळखलं. दर मंगळवारी मिळणारं, बिनमिठाचं, बिनचरबीचं, आश्रमाच्या स्वयंपाकघरातलं पथ्याचं चीज, ज्याला तो चीज मानतच नव्हता. वर जळक्या पावाची राख फासलेली. "फसवलं!" असं त्याला ओरडायचं होतं, आणि त्यासाठी त्याने पूर्ण तोंड उघडलं. चीज खाली पडलं. त्याच्याबरोबर वरची कवळीही गेली.

पेलिसारबाईंनी ते वरच्यावर झेललं. राखाडी चीज, त्यात रुतलेले चौदा दात, आणि ते सगळे हसत होते. बाईंनी प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला आणि शेपटी हलवत निघून गेल्या.

टाळ्या थांबेनात. वर खुर्चीत आन्सेल्म दोन्ही हात नाचवत "फ... फफ... फोफ..." करत होता, आणि लोकांना वाटलं, काय गातोय कावळा! वोकिये मादामसुद्धा उभ्या राहून टाळ्या वाजवू लागल्या. त्याला खाली उतरवायला दोन माणसं लागली, आणि उतरल्यावर सतरा जणांनी त्याचे मुके घेतले.

बाई त्याला स्वयंपाकघराच्या मागे, अक्रोडाच्या झाडाखाली बाकावर सापडल्या. मांडीवर रुमाल, रुमालावर पाव, पावाशेजारी सुरी, आणि सुरीशेजारी ते. खरं. एक पातळ फोड गेलेली, आत पांढरंशुभ्र.

"फोफफी!" आन्सेल्म गरजला.

"आधी दात घे, मग भांड," बाई म्हणाल्या आणि धुऊन पुसून ठेवलेली कवळी त्यांनी पुढे केली.

आन्सेल्मने ती बसवली. "चोरटी! मास्तरीण म्हणवता? मला झाडावर चढवलंत, माझ्या पुतणीकडून माझंच चीज मागवलंत, आणि मला रबर!"

"ओरडू नकोस. तुला एकट्यालाच बंदी आहे असं वाटतं? मला अकरा महिने झाले. पाच फुल्या आहेत माझ्या नावापुढे. मी बोंबलत नाही, एवढंच." बाईंनी आणखी एक फोड पावावर ठेवली. "नव्वद वर्षांची झाले मी. आता ती पोरगी मला सांगणार, काय खायचं? मला चीज हवं होतं आणि पुतणी तुला होती. बाकी सगळं तुला शाळेतच शिकवलं होतं. तू शिकला नाहीस, त्याला मी काय करू?"

चीजकडे बघत आन्सेल्म बाकाच्या टोकाला टेकला. मग मान खाली घालून म्हणाला, "हरलो, बाई. शून्यच बरोबर होतं माझं."

"उशिरा का होईना."

"एक मागू? ते तात्पर्य मी कधी धड ऐकलंच नाही. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड होतं ना. तुमच्या तोंडून एकदा ऐकायचंय. पूर्वी म्हणायचात तसं, उभं राहून. आज तिथे कोल्हा झाला होतात, पण वर्गातला तुमचा तो आवाज... खिडकीबाहेर गाड्या थांबायच्या हो ऐकायला!"

"गाड्या नव्हे, एक टपालवाला थांबायचा," बाई म्हणाल्या. पण त्यांनी रुमाल बाजूला ठेवला. "नुसतं तात्पर्य कसं म्हणणार? मधूनच सुरू करता येत नाही मला. पहिल्यापासून म्हणावं लागेल."

"म्हणा ना. मला कुठे जायचंय?"

बाई उभ्या राहिल्या. हात मागे बांधले, पाय जुळवले, हनुवटी वर केली आणि चाळीस वर्षांच्या सवयीने डोळे मिटले. मग कावळा, झाड, कोल्हा, सगळं पहिल्यापासून, एकही शब्द न गाळता, आवाजाचे चढउतार जिथल्या तिथे. गोड बोलणाऱ्याचं पोट ऐकणाऱ्याच्या जिवावर भरतं, इथपर्यंत येऊन त्या थांबल्या, नेहमीसारखे तीन आकडे मोजले, आणि डोळे उघडले.

बाकावर पाव होता. सुरी होती. रुमाल नीट घडी घालून ठेवला होता.

संध्याकाळी साडेसहाला सगळे जेवायला बसले. उकडलेलं गाजर, बिनमिठाचं. आन्सेल्मने आठ महिन्यांत पहिल्यांदाच चीज मागितलं नाही. वोकिये मादामनी समाधानाने तक्त्यावर काहीतरी लिहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बघा, आजोबांना शेवटी पटलं!"

आन्सेल्मने ताट जवळ ओढलं तर खालून वहीचा कागद डोकावला. लाल शाई, अक्षर ओळखीचं, गोल आणि कडक.

"गोदिशों आन्सेल्म. पाठांतर: कावळा आणि कोल्हा. दहापैकी नऊ. एक गुण कापला. सगळं एकट्याने खाल्लं."

त्याने वर पाहिलं. पलीकडच्या टेबलावर पेलिसारबाई काट्याने गाजर टोचत होत्या आणि त्याच्याकडे मुळीच बघत नव्हत्या.

आन्सेल्मने कागदाची घडी करून खिशात घातली. जेवण अर्धवट टाकून तो उठला, व्हरांड्यातल्या फोनपाशी गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "ओदेत? हां, मीच. ऐक, बाईंना अजून एक लोकरीचा गुंडा लागतोय. नाही, एकच पुरे. अर्धा मला एका गुणासाठी बाईंना द्यायचाय."