मास्तरांची सीट

शिवणकामात तीस वर्षं काढलेले मास्तर ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दोनदा नापास झाले, आणि दोन्ही वेळा दोष सीटचा होता असं त्यांचं ठाम मत होतं. बायको मात्र पहिल्याच फटक्यात पास झाली होती. ती गाडी चालवायची, मास्तर शेजारी बसायचे आणि कुठेही पोचले की मेहुणा विचारायचा, "ताई, पार्सल नीट आणलंस ना?" तिसऱ्यांदा नापास होणं मास्तरांना परवडणारं नव्हतं.

म्हणून आदल्या दिवशी त्यांनी टेपने स्वतःचं माप घेतलं. कंबर ते गुडघा, गुडघा ते टाच, खांदा ते मनगट. त्या मापाने सीट लावली आणि हाताच्या सवयीने सगळीकडे दोन इंच माया सोडली. शर्टाला माया असली की तो उसवून सैल करता येतो. गाडीत तेवढ्यानेच ब्रेकला पाय पोचत नाही, हे त्यांना परीक्षेच्या मैदानावर कळलं.

परीक्षा घेणारे साहेब कागद सांभाळत शेजारी बसले होते. मास्तरांनी सीट पुढे घेतली, तर गुडघे स्टिअरिंगला भिडले. मागे घेतली, तर हात पोचेनात. पाठ सरळ केली, तर आरशात स्वतःचंच कपाळ दिसायला लागलं. मागे सात गाड्या खोळंबल्या होत्या आणि त्यांतला एकही माणूस गप्प बसायला तयार नव्हता. घाईघाईत मास्तरांनी कुठलासा खटका ओढला आणि पाठीसकट आडवे झाले.

साहेबांनी वाकून पाहिलं. "झोपायचंय की चालवायचंय?"

"मापात बसलं की लगेच निघतो, साहेब," मास्तर छताकडे बघत म्हणाले.

वीस मिनिटांनी साहेबांचा संयम संपला. त्यांनी मास्तरांना खाली उतरवलं आणि कोपऱ्यातल्या ऑफिसच्या खटाऱ्याकडे बोट दाखवलं. मास्तर आत बसले आणि सीटखाली हात घालून चाचपू लागले.

"ती हलत नाही," साहेब म्हणाले. "गंजलीय. चालवा."

मास्तरांनी सीटखालून हात बाहेर काढला. आता लावायला काही उरलंच नव्हतं, म्हणून नाइलाजाने त्यांनी गाडी चालवली. वळण घेतलं, चढावर थांबवली, मागे घेतली, कुठेही न ठोकता जागेवर आणून उभी केली. सहा मिनिटांत साहेबांनी 'पास'चा शिक्का मारला आणि पुढच्याला हाक मारली.

मास्तरांचा आनंद गगनात मावेना. मैदानाबाहेर थांबलेल्या बायकोला त्यांनी रुबाबात आपल्या गाडीत शेजारी बसवलं, मेहुण्याला फोन करून आपण येतोय असं कळवलं आणि स्वतः स्टिअरिंगमागे बसले. मग सीट जराशी पुढे घेतली. किंचित मागे घेतली. पुन्हा जराशी पुढे.

पंधरा मिनिटं हेच चाललं. मग पदर खोचून बायको खाली उतरली आणि पलीकडून दार उघडून उभी राहिली. "सरका."

मास्तर शेजारच्या सीटवर आले. तिने एका झटक्यात सीट ओढून घेतली आणि गाडी रस्त्याला लागली. मास्तरांनी पाय पसरले, पाठ टेकली, मान अलगद मागे सोडली. कुठे काही टोचत नव्हतं, कुठे काही अडत नव्हतं.

"अगं," ते समाधानाने म्हणाले, "गाडी चालवायला ही सीट झकास आहे."