हातावरचा हेडमास्तर

बेरमेत-एजेंनी वाळत घातलेली चादर डोक्यापासून गुडघ्यांपर्यंत गुंडाळली जाऊन तेमिरकुल आवारातल्या पॉपलरच्या बुंध्याशी आडवे झाले होते, पण हातातला पट्टा काही त्यांनी सोडला नव्हता. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मोयनोक मागच्या दोन पायांवर उभा राहून झाडावर भुंकत होता. झाडावर हेडमास्तर होता.

"जिवंत आहे का?" पहिल्या मजल्याच्या खिडकीतून फानिया-आपा ओरडल्या.

"आहे, आहे," चादरीतून उत्तर आले.

"तुम्हाला कोण विचारतंय, अक्सकाल? मी माझ्या हेडमास्तरचं विचारतेय!" वडीलधाऱ्याला 'अक्सकाल' म्हणायचा मान मात्र त्यांनी राखला.

हेडमास्तर म्हणजे सात किलोंचा, एक कान फाटलेला तांबडा बोका. फानिया-आपांनी अडतीस वर्षे एका शाळेच्या कचेरीत कारकुनी केली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी आवारातल्या सात मांजरांना जेवू घालायला घेतले, तेव्हा नावांसाठी त्यांना फार लांब जावे लागले नाही. भूगोल नावाची मांजरी सदा भटकत असे. बीजगणित आजवर कुणालाच समजली नव्हती. हेडमास्तर काहीही न करता सगळ्यांपेक्षा जास्त खात असे.

मोयनोक मात्र या शाळेतला नव्हता. तो तैगान, डोंगरातला शिकारी कुत्रा. लांब पायांचा, काळा, गळ्याशी तेवढा पांढरा पट्टा. जे पळते ते पकडायचे, एवढे एकच शास्त्र त्याला ठाऊक होते. बिश्केक शहरात येऊन त्याला दोन महिने झाले होते आणि मांजर दिसले की अजून त्याच्या अंगात येई.

त्याच संध्याकाळी बेरमेत-एजे वही घेऊन तिसऱ्या मजल्यावर आल्या. त्या आमच्या इमारतीच्या प्रमुख, सगळ्यांच्या एजे, म्हणजे ताई. त्यांच्या वहीत एकदा नाव चढले की माणूस घर बदलेपर्यंत ते उतरत नाही. तेमिरकुलांची मुलगी नूरजात हिने घाईघाईने चहा ओतला आणि बोरसोकांची, तळलेल्या कणकेच्या तुकड्यांची, परात पुढे केली. बेरमेत-एजेंनी एक बोरसोक तोंडात टाकला, पण चेहरा काही सैल सोडला नाही.

"नूरजात, चादरीचं मी काही म्हणत नाही. चादर धुता येते. पण नवरोजला सगळी इमारत खाली आवारात असणार, पोरंटोरं, टेबलं, गरम पातेली. त्या दिवशी हा असा सुटला तर?"

"एजे, तो चावत नाही हो."

"चावत नाही, ओढतो! तुझ्या वडिलांना आज ओढलं, उद्या पातेल्याला ओढेल. मी लिहून ठेवलंय. ऐका." त्यांनी चष्मा लावला. "'नवरोजच्या दिवशी मांजरांच्या मागे धावला, तर कुत्रा गावी जाईल.' खाली सही करा, अक्सकाल."

तेमिरकुलांनी सही केली.

गावी म्हणजे इसिक-कुल सरोवराच्या काठी, बोकोनबायेवला, पुतण्याकडे. तिथेच तेमिरकुलांनी चाळीस वर्षे गरुड पाळले आणि शिकार केली. मग बायको गेली. डॉक्टरांनी हृदयाकडे बोट दाखवून शहरात मुलीजवळ राहायला सांगितले. तेमिरकुलांनी घोडा विकला, आणि शेवटच्या गरुडाची वर्षे भरली होती म्हणून रिवाजाप्रमाणे त्याला डोंगरावर नेऊन मोकळे सोडले. उरला तो मोयनोक. त्यालाही पाठवायचे म्हणजे सकाळी उठायचे कशासाठी, हा प्रश्न होता. हे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते, पण नूरजातला ते माहीत होते.

शहराबद्दल त्यांची तशी काही तक्रार नव्हती. एकदाच ते म्हणाले होते, "इथं बाजारातून भरली पिशवी घेऊन येतो, तर कुणी शिराल्गा म्हणत नाही." गावाकडे शिकारीहून परतणाऱ्याला वाटेत कुणी 'शिराल्गा' म्हटले की शिकारीतला वाटा द्यावाच लागतो, नाही म्हणायची सोय नाही. नूरजात हसून म्हणाली होती, "आके, पिशवीत बटाटे होते."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. आधी नूरजातने फोनवर कुणा बाईची चित्रफीत पाहिली. मांजर दिसले की कुत्र्याला खाऊ द्यायचा आणि उलट दिशेला वळायचे. मोयनोकला ही पद्धत फार आवडली. तो खाऊ खायचा, उलट दिशेला वळायचा, तसाच पूर्ण गोल फिरायचा आणि मांजरामागे सुटायचा. मग तेमिरकुलांनी ट्रंकेतून गरुडाचे चामडी टोपरे काढले. डोळे झाकले की गरुड शांत होतो, तर कुत्रा का नाही होणार? मोयनोक शांत झालाही. शांतपणे चालत तो कचऱ्याच्या डब्यावर आदळला आणि त्या आवाजाने साती मांजरे एकदम पळाली, ती त्याने टोपऱ्यातूनही ओळखली.

"आके, राहू दे आता," नूरजात गुडघ्याला औषध लावत म्हणाली. यावेळी गुडघा तिचा होता.

पण टोपऱ्याबरोबर ट्रंकेतून गरुडाला बसवायचा चामडी हातमोजाही निघाला होता. तेमिरकुल तो मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. मोयनोकने त्याचा वास घेतला आणि कुणी काही न सांगता जमिनीवर पोट टेकून गप्प बसला. तीन वर्षांच्या आयुष्यात त्याने गरुडाबरोबर एकच हिवाळा काढला होता, पण तेवढा त्याच्या अंगात मुरला होता. हातमोज्यावर जो बसतो तो आपल्यातला, हे त्याला पक्के ठाऊक होते.

तेमिरकुल तडक पहिल्या मजल्यावर गेले.

"फानिया, मला हेडमास्तर द्या."

"कशाला?"

"हातावर बसवायचाय."

फानिया-आपांनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही. अक्सकाल, तो बोका आहे. उडत नाही तो."

"उडायचं नाहीच त्यानं. नुसतं बसायचं."

"मग जमेल," फानिया-आपा म्हणाल्या. "बसण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. पण मी समोर असणार. छत्री घेऊन."

आणि रोज दुपारी चार वाजता आवारात एक तमाशा सुरू झाला. बाकावर तेमिरकुल, उजव्या हातात हातमोजा, हातमोज्यावर वाळलेल्या मांसाचा तुकडा आणि तो खायला ऐसपैस बसलेला हेडमास्तर. वीस पावलांवर नूरजातने धरलेला मोयनोक. मध्ये फानिया-आपा, छत्री उगारून. मोयनोक गप्प राहिला की त्यालाही तुकडा मिळे आणि दुसऱ्या दिवशी दोन पावले कमी होत. पहिल्या दिवशी तो नखशिखांत थरथरत होता. चौथ्या दिवशी नुसती शेपटी थरथरत होती. आठव्या दिवशी त्याने जांभई दिली, तेव्हा बाल्कन्यांतून टाळ्या पडल्या.

बोका गरुडापेक्षा जड निघाला. तेमिरकुलांचा खांदा भरून येऊ लागला, तेव्हा त्यांनी घोड्यावरून शिकार करताना हाताखाली लावायची दुबेळकी काठी काढली आणि ती बाकाला टेकवली. बेरमेत-एजे वही घेऊन पाहणीला आल्या. त्यांनी बाकावर काढून ठेवलेला हातमोजा उचलला, उलटा केला, नाकाशी नेला आणि काहीही न लिहिता परत ठेवला. त्या अशा वागल्या की आम्ही सगळेच जरा घाबरतो.

फानिया-आपांनी छत्री कधी मिटली, ते त्यांनाही कळले नाही. आता त्या थर्मासमधून चहा आणत आणि दोन पेले आणत.

"तो हातावर आहे तोवर ठीक," एकदा त्या म्हणाल्या. "उतरला तर?"

"तुम्ही त्याला असा पोसलाय की तो उतरणार नाही," तेमिरकुल म्हणाले आणि दोघे हसले. हसण्याच्या नादात तो प्रश्न तसाच राहून गेला. खरे तर ज्याने चाळीस वर्षे शिकार केली, त्याने तरी तो विसरायला नको होता. गरुड हातावर असेपर्यंत तैगान दगडासारखा बसतो. पण गरुड हातावरून झेपावला, की तैगानही निघतो.

नवरोजचा दिवस लख्ख उजाडला. आवारात लांबच लांब टेबले लागली. पातेल्यांतून वाफा येत होत्या. मधोमध बेरमेत-एजेंच्या माहेराहून, नारीनहून आलेले घोड्याच्या मांसाचे सॉसेज, मनगटाएवढे जाड, अजून न कापलेले, पांढऱ्या फडक्याखाली झाकून ठेवले होते. एजेंनी त्याला सकाळपासून कुणालाच हात लावू दिला नव्हता.

"चला, अक्सकाल," त्या वही उघडत म्हणाल्या. "दाखवा."

तेमिरकुल नवी टोपी घालून आले होते. त्यांनी हातमोजा चढवला, हेडमास्तरला त्यावर बसवले आणि उभे राहिले. नूरजातने मोयनोकच्या गळ्यातला पट्टा काढला. सगळे आवार चिडीचूप झाले. भूगोल समोरून गेली. बीजगणित समोरून गेली, मध्येच थांबली आणि पाय चाटून मग गेली. मोयनोक हातमोज्याकडे पाहत बसून राहिला. नूरजातचे डोळे भरून आले. एजेंनी पेनाचे टोपण काढले आणि त्या लिहायला वाकणार, तेवढ्यात हात मोकळा करायला म्हणून त्यांनी वही टेबलावर टेकवली. वहीबरोबर ते पांढरे फडके सरकले.

वास हेडमास्तरपर्यंत पोचायला दोन क्षण लागले. तिसऱ्या क्षणाला, आयुष्यात पहिल्यांदाच, हेडमास्तर झेपावला.

"मोयनोक!" तेमिरकुल ओरडले, पण मोयनोक निघाला होता.

फानिया-आपांनी डोळे मिटून घेतले. म्हणून त्यांना दिसले नाही की मोयनोक हेडमास्तरला गाठूनही पुढे गेला नाही आणि मागेही राहिला नाही. तो त्याच्या खांद्याला खांदा लावून धावत होता. बोका टेबलावर चढला आणि त्याने सॉसेजच्या टोकात दात रोवले. मोयनोकने पुढचे पाय टेबलावर ठेवून दुसरे टोक तोंडात धरले, अगदी अलगद, सशाला धरावे तसे. मग तो वळला आणि मान ताठ ठेवून ते सॉसेज मालकाकडे घेऊन आला. हेडमास्तर दुसऱ्या टोकाला लोंबकळत, सोडायला मुळीच तयार नसल्यामुळे, मागोमाग फरपटत आला.

मोयनोकने शिकार तेमिरकुलांच्या पायांशी ठेवली. एक दातही लागला नव्हता. निदान त्याचा तरी नाही.

तेमिरकुल खाली वाकले. मोयनोकने काम चोख केले होते. असे चोख की गावाकडे त्याला पहिला तुकडा मिळाला असता. ते त्याच्या मानेवरून हात फिरवत राहिले.

"चूक त्याची नाही," ते मान वर न करता म्हणाले. "माझी आहे. मी शिकवलं तेच त्यानं केलं. उद्याच्या गाडीनं पाठवतो मी त्याला."

"थांबा!" फानिया-आपा पुढे आल्या. अडतीस वर्षांची कारकून जागी झाली होती. "बेरमेत, वहीत काय लिहिलंय? मांजरांच्या मागे धावला तर. हा मागे कुठं होता? सोबत होता! आणि चोरी कुणी केली? माझ्या बोक्यानं. लिही त्याचं नाव. हेडमास्तर, पहिला मजला. मी सही करते."

बेरमेत-एजेंनी वही मिटली. त्या चालत तेमिरकुलांसमोर येऊन उभ्या राहिल्या. आधी त्यांनी हातमोज्याकडे पाहिले, मग जमिनीवरच्या आपल्या सॉसेजकडे, मग त्यावर पंजा ठेवून बसलेल्या हेडमास्तरकडे. नूरजातने तोंडावर हात ठेवला.

"माझ्या वडिलांचा हातमोजाही उजव्याच हाताचा होता," एजे म्हणाल्या. त्यांचा आवाज वहीतला नव्हता. "मी गावच्या वेशीवर जाऊन थांबायची. सगळ्यात आधी वाटा मलाच मिळावा म्हणून."

मग त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

"शिराल्गा, अक्सकाल."

तेमिरकुल त्यांच्याकडे बघतच राहिले. हा शब्द त्यांनी किती दिवसांनी ऐकला होता. नाही म्हणायची तर सोयच नव्हती. त्यांनी कमरेची सुरी काढली, सॉसेज उचलून पुसले, मधला चांगला जाड तुकडा कापला आणि बेरमेत-एजेंचेच सॉसेज त्यांना मोठ्या मानाने देऊ केले. एजेंनी ते कपाळाला लावून घेतले.

"शिराल्गा," फानिया-आपांनी हात पुढे केला. त्या तातार, त्यांच्या सात पिढ्यांत कुणी शिकार केली नव्हती. "काय बघताय? बोका माझा आहे!"

मग सगळे आवारच आले. पोरे आली, म्हातारे आले, चौथ्या मजल्यावरचा कुणाशीही न बोलणारा इंजिनीअरही येऊन हात पुढे करून उभा राहिला. तेमिरकुल कापत होते आणि देत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता. एक टोक मोयनोकला गेले. दुसरे हेडमास्तरने आधीच संपवले होते.

गर्दी पांगल्यावर नूरजात जवळ आली. वडिलांच्या हातात नुसती सुरी राहिली होती.

"आके, सगळंच वाटून टाकलंत? तुम्हाला काय उरलं?"

तेमिरकुल बाकावर बसले. मोयनोकने त्यांच्या गुडघ्यावर डोके ठेवले. हेडमास्तर ओठ चाटत आला, बाकावर चढला आणि कुणी बोलावले नसताना हातमोज्यावर जाऊन बसला.

"उरलं की," तेमिरकुल म्हणाले. "ती काठी दे जरा. हा अजून जड झालाय."