वीस किलो लाकडाची चाळीस किलो राख

लेकीच्या बाळाच्या बारशासाठी तानुबाईंनी परसात बाभळीची चार क्विंटल लाकडं रचून ठेवली होती. दोनशे माणसांचा स्वयंपाक चुलीवर व्हायचा होता. वडूजच्या कोरड्या माळावर एवढं लाकूड जमवायला त्यांना दोन महिने लागले होते.

त्यातच त्यांच्या बचत गटाला सांगलीच्या एका दुकानदाराची मागणी आली. भांडी घासायची चाळलेली राख, चाळीस किलो. टेम्पो शनिवारी येणार, बारसं रविवारी.

"रहिमानच्या बेकरीमागं राखंचा ढीग पडलाय," तानुबाई नवऱ्याला म्हणाल्या. "घिऊन जावा म्हणून मागं लागलाय त्यो."

जावई राजवर्धन ओट्यावर चहा पीत होते. वाईत ते रसायनशास्त्राचे क्लास घेत, आणि सासुरवाडीला आले तरी घेतच असत.

"बेकरीची राख कशाला?" ते म्हणाले. "लाकूड जळताना हवेतला ऑक्सिजन घेतं. एकशे बासष्ट ग्रॅम लाकडातून तीनशे चोपन्न ग्रॅम उत्पादितं निघतात. दुपटीच्या वर. चाळीस किलोला वीस किलो लाकूड पुरे."

"दुप्पट," सासरे ज्ञानू बायकोकडे बघत म्हणाले. "आपन जलमभर चूल पेटवली, आन् कुनी सांगितलं न्हाई."

तानुबाई जावयाशी थेट बोलत नसत. पदर पुढं ओढून त्या भिंतीकडं वळल्या. "पूजे, सांग त्यास्नी. भाराभर लाकडाची राख सुपलीभर निघती. पन्नास वरसं मीच काढती."

"आईंना सांग," राजवर्धन बाळाला पाजणाऱ्या बायकोला म्हणाले, "त्यांचं ज्वलन अपूर्ण असतं."

जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हा त्या घराचा रिवाज. वीस किलो लाकूड पेटलं. निघालेली राख भरली तीनशे ग्रॅम, त्यातही एक खिळा होता.

"काटा बिघडलाय," ज्ञानू म्हणाले. शेजारचा काटा आणला. तोवर थोडी राख उडून गेली होती. त्याच्यावर दोनशे ऐंशीच भरली.

"लाकूड ओलं असणार," राजवर्धन म्हणाले. "हवा वाढवू."

त्यांनी टेबलफॅन लावून आणखी पन्नास किलो पेटवलं. जाळ झकास झाला. राख मात्र शेजारणींच्या वाळत घातलेल्या पापडांवर जाऊन बसली. तिघी जणी भांडायला आल्या. त्यांची समजूत काढायला ज्ञानू गेले, आणि इकडं जावयांनी पुढचा ढीग पेटवला. गणित चुकायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळं चुकत होतं ते लाकूडच.

शुक्रवारी संध्याकाळी परसात रचलेल्या लाकडांखालचे दगड तेवढे उरले. राख सगळी मिळून सहा किलो.

राजवर्धन वही घेऊन बसले. तीनदा गुणाकार केला. "गणित बरोबर आहे."

"मग राख कुठं हाय?" ज्ञानूंनी विचारलं.

"ही उत्पादितं म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. ती वर गेली. राख या समीकरणात धरलेलीच नसते."

ज्ञानूंनी वर आभाळाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "सगळं लाकूड गेलं?"

"गेलं नाही, मामा. रूपांतर झालं."

तानुबाई भिंतीला म्हणाल्या, "पूजे, इचार त्यास्नी, सांगलीचा टेम्पो वर जाईल का आणायला."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या रहिमानच्या बेकरीवर गेल्या. त्यानं हसत हसत पोती भरून दिली. "मावशी, कवाधरनं सांगतोय, न्या म्हणून." आणि लाकडांची हकिकत ऐकून म्हणाला, "उद्या भट्टी बंदच हाय. मागच्या चुलाणावर बारशाचं रांधा. लाकूड माझं."

टेम्पो वेळेवर गेला. माल कसा झाला, असं दुकानदारानं फोनवर विचारलं, तेव्हा ज्ञानू म्हणाले, "आमच्या जावयांनी शास्त्राप्रमाणं करून घेतला." राजवर्धननी ते नाकारलं नाही.

रविवारी बाळाचं नाव शिवतेज ठेवलं. पहिल्या पंगतीत मानाच्या पाटावर जावई बसले, ताटाभोवती रांगोळी. बाकीची पानं भरून वाढलेली. तानुबाई स्वतः वाढायला आल्या. जावयाच्या ताटात त्यांनी एक पुरी, चिमूटभर शिरा आणि आमटीचे चार थेंब वाढले.

राजवर्धन ताटाकडं बघत राहिले.

तानुबाईंनी पदर जरा मागं सारला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांच्याशी थेट बोलल्या.

"जेवा, जावईबापू. दुप्पट वाढलंय. बाकीचं वर गेलं."