सुभेदारांचा एक टक्का

आमच्या समोरचे सुभेदार वास्तुशांतीला गेले की यजमानाच्या हातात नारळ ठेवतात आणि विचारतात, "स्टॅम्प किती बसला?" घरात ऊन कुठून येतं, नळाला पाणी किती वेळ येतं, हे सगळं नंतर. एकदा तर त्यांनी पूजेला बसलेल्या जोडप्यालाच विचारलं, आणि भटजींनीही मंत्र थांबवून आकडा ऐकून घेतला.

मुलांनो, तुम्ही तिकडे घर बघताय, म्हणून सुभेदार तुम्हाला माहीत असावेत.

फौजेतून सुटल्यावर ते रहिमतपूरजवळच्या गावी राहिले, आणि मग मुलगी मिरजेला इस्पितळात नर्स म्हणून सांगलीत आले. आमच्या समोरच भाड्याने राहू लागले. तेच घर विकत घ्यायचं ठरलं आणि त्यांनी मुद्रांक शुल्काचा, म्हणजे स्टॅम्पचा, अभ्यास सुरू केला. मला चांगलं इंग्रजी येतं, म्हणून सरकारी मराठी समजून घ्यायला ते माझ्याकडे येत.

समजलं की मलाच समजावत. "आवं बाई, आपण च्या पिऊन ठरवतो तो आपला भाव. सरकारचा भाव येगळा. दोन्हीतला जो मोठा, त्याच्यावर स्टॅम्प. आमचा लहान निघाला तर आमी खोटं, आन् मोठा निघाला तर लगीच खरं."

नवे सरकारी दर लागले की ते म्हणत, औंदा थांबू, पुढं उतरतंय. दर काही उतरत नसत. त्यांच्या पत्नी हौसाबाई भाड्याच्या भिंतीला खिळा मारायलाही घाबरत आणि कॅलेंडर दाराच्या कडीला अडकवत.

मग एक दिवस सुभेदार जिना चढून धापा टाकत आले. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्पमध्ये एक टक्का सवलत मिळते, हा शोध त्यांना लागला होता. नवऱ्याचं नाव सोबत घातलं की सवलत गेली. त्यांनी तिथल्या तिथे स्वतःला वगळून टाकलं.

अडल्या त्या हौसाबाई. माझ्याच स्वयंपाकघरात त्या नवऱ्याला म्हणाल्या, "दोघांची नावं घाला की. निम्मी हयात तुमी सरहद्दीवर आन् मी गावाकडं. कागदावर तरी शेजारी बसू."

"कागदावर बसायला एक टक्का लागतोय," सुभेदार म्हणाले. "सोफ्यावर बस की शेजारी. फुकट हाय."

आम्ही सगळेच हसलो. हौसाबाईही हसल्या, पण भांडण वर्षभर चाललं. शेवटी त्याच दमल्या.

रजिस्ट्रेशनला मी साक्षीदार होते. हौसाबाई फोटोसाठी कॅमेऱ्यासमोर बसल्या, तसे सुभेदार कडक इस्त्रीचा शर्ट नीट करत त्यांच्यामागे उभे राहिले. कारकुनाने विचारलं, तुम्ही कोण. सुभेदार म्हणाले, नवरा. "मग बाजूला व्हा, तुमचं नाव नाही यात," तो म्हणाला.

हौसाबाई अंगठा पुसत म्हणाल्या, "बघा, पहिल्याच दिवशी घरातनं भाईर काढलं तुमाला."

त्या घरात हौसाबाईंना दोन दिवाळ्या मिळाल्या. भिंतीवर मनासारखे खिळे मारले, देव्हारा पूर्वेला घेतला. मग छातीचं दुखणं निघालं. मुलीच्या इस्पितळात सगळे उपचार झाले, आणि त्या गेल्या.

वर्ष होत आलं तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींनी सुभेदारांना घर नावावर करून घ्यायला सांगितलं. मी नियम नीट वाचले आणि त्यांना बरं वाटेल म्हणून मुद्दाम सांगायला गेले: वारसाने आलेल्या घराला स्टॅम्प लागत नाही. सगळं माफ.

ते खूश झाले नाहीत.

"बाई, दोघांची नावं लावायला किती पडंल?"

मी सांगितलं, आता तसं होत नाही. आधी त्यांचं नाव निघेल, मग तुमचं लागेल.

"त्यो एक टक्का भरतो म्हटलं तर?"

"घेणार नाहीत, सुभेदार."

त्यांनी मान हलवली. कागद मात्र अजून हलवलेले नाहीत. सेक्रेटरी आले की चहा देतात, पुढच्या महिन्यात बघू म्हणतात.

घरपट्टीचं बिल हौसाबाईंच्याच नावाने येतं. ते वाटणारा माणूस जिन्यातूनच नाव पुकारतो. सुभेदार दार उघडतात, चष्मा सापडत नाही म्हणतात, आणि त्याला ते नाव पुन्हा एकदा, सावकाश वाचायला लावतात.